शाळेच्या अंगणातील ही भिंत कोणी उभारली?

अकोल्याच्या जुन्या शहराला आवाजाचे वावडे कधीच नव्हते. मोर्णेपलीकडचा हा भाग म्हणजे शहराचे मूळ. असदगडाचे बुरूज, राजराजेश्वराचे मंदिर, जयहिंद चौकातील वर्दळ, डाबकी रोडकडे जाणारी दुकानांची रांग आणि या साऱ्यांच्या मधोमध भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे. इथे एका घरातील आरती चार घरांत ऐकू येते आणि एका दारची सनई साऱ्या गल्लीची असते. आवाज हा इथे शेजारधर्माचाच भाग होता. आणि म्हणूनच तो कोणी, केव्हा आणि किती करावा याचे एक अलिखित भानही होते. गल्लीत कोणी आजारी असेल तर वाजंत्रीवाले आपणहून हात आखडत. ते भान आज सुटत चालले आहे. ते रस्त्यावर सुटले याचे दुःख आहेच. परंतु ते शाळेच्या अंगणातही सुटावे, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

दिवाळीच्या सुट्या संपल्या की शाळांमधून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. जानेवारी सरता सरता दहावी-बारावीच्या मुलांना निरोप देण्याचे समारंभ होतात. या दोन्ही प्रसंगी वऱ्हाडातील गावोगावी, छोट्या-मोठ्या शाळांमधून एक नवा पाहुणा मानाने बोलावला जाऊ लागला आहे. त्याचे नाव डीजे. मैदानाच्या एका कडेला मालवाहू गाडी उभी राहते, खोक्यांवर खोकी चढतात, जनित्र घरघरू लागते, रंगीत दिव्यांचे झोत सुटतात आणि पाहता पाहता शाळेच्या अंगणात एक काळी भिंत उभी राहते. महानगरांतील काही शाळांनी तर निरोप समारंभाचे ‘प्रॉम’ असे नामकरणही केले आहे. मुख्याध्यापकांचे दोन शब्द कसेबसे उरकले जातात, दीपप्रज्वलन होते आणि मग संध्याकाळ त्या भिंतीच्या स्वाधीन केली जाते. ही भिंत कोणी उभारली, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

ज्याचे अनुकरण करायचे, त्याची निदान माहिती असावी. ‘प्रॉम’ हा अमेरिकी शाळांतील अखेरच्या वर्षीचा औपचारिक नृत्यसमारंभ. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्या वाजवणारा निवेदक; हा शब्द अमेरिकी आकाशवाणी केंद्रांच्या जगातून आला. या वाजवणाऱ्याला स्वतंत्र कलावंताचे स्थान मिळाले ते पुढे. त्या इतिहासात ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मोठी मानली जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या कष्टकरी वस्तीत, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, एका मुलीने नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून इमारतीतल्या दालनात मेळावा भरवला. संगीताची बाजू तिच्या भावाने, म्हणजे पुढे ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या तरुणाने सांभाळली. नाचणाऱ्यांना गाण्यातील नेमका कोणता तुकडा उचलून धरतो हे त्याने निरखले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावत तो तेवढा तुकडा लांबवी. समोरच्या माणसांकडे पाहणे, त्यांचा श्वास ओळखणे आणि त्यानुसार हात चालवणे, हे त्या कलेचे मर्म.

म्हणजे मूळ ठिकाणी डीजे हा माणूस आहे, ऐकणारा आणि पाहणारा. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे खोक्यांची भिंत. ‘डीजे आला’ असे म्हटले की कलावंत आला असे कोणाच्या मनात येत नाही. गाडी आली एवढाच अर्थ होतो. परक्यांकडून घेताना कला सोडली आणि कोलाहल तेवढा उचलला. अनुकरणाचा हा प्रकार केवळ पाश्चात्त्य म्हणून वाईट नाही. तो आंधळा आहे म्हणून वाईट आहे.

आता या भिंतीने काय झाकले ते पाहावे. ‘स्नेहसंमेलन’ या शब्दातच त्याचा हेतू सांगितलेला आहे. वर्षभर एका वर्गात बसणाऱ्या मुलांनी एकत्र येऊन काही उभे करायचे आणि ते आपल्या माणसांसमोर मांडायचे. एकांकिका बसायची, त्यासाठी कोणाच्या आईचे लुगडे तर कोणाच्या आजोबांचा फेटा यायचा. समूहगीताच्या तालमी मधल्या सुटीत चालायच्या. लेझमीचे पथक महिनाभर घाम गाळायचे. पाठांतरात मागे असणारा मुलगा नाटकातला हवालदार म्हणून गाजायचा. शेलापागोट्यांतून कोणाची थट्टा किती करावी, हेही मुले शिकायची. पडदा ओढणाऱ्यालाही काम होते, रांगोळी घालणारीलाही होते. प्रयोग फसला तरी शिक्षण फसत नसे.

डीजेच्या संध्याकाळी मुलांना काम कोणते? नाचणे. तेही तयार गाण्यावर, तयार हालचालींची नक्कल करून. गाणे दुसऱ्याचे, शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, यंत्र भाड्याचे. मुलाच्या हाती उरते ती फक्त उसळी. ज्याला नाचता येत नाही, जी मुलगी बुजरी आहे, ज्याचा आवाज गोड आहे पण अंगात लय नाही, अशा साऱ्यांना या संध्याकाळी जागाच नाही. ती मुले कडेला उभी राहून टाळ्या वाजवतात. सर्वांना सामावणाऱ्या उत्सवाचे मोजक्यांच्या प्रदर्शनात रूपांतर होते आणि त्यालाच ‘मुलांची मजा’ म्हटले जाते.

गाण्यांच्या निवडीविषयी तर बोलायलाही संकोच वाटावा. सात-आठ वर्षांच्या बालिका ज्या गाण्यांवर ठुमकतात, त्यांचा अर्थ त्यांना कळत नाही हे खरे. पण समोर बसलेल्या पालकांना तो कळतो. तरीही भ्रमणध्वनी उंच धरून चित्रीकरण चाललेले असते. दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांत चिमुकल्यांकडून वयाला न शोभणारे हावभाव करून घेतले जातात, हे पाहून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला जून २०१९ मध्ये खासगी वाहिन्यांना संयम पाळण्याची सूचना द्यावी लागली होती. जी गोष्ट वाहिन्यांना शोभत नाही असे सरकारला वाटले, ती सरस्वतीची तसबीर मांडलेल्या व्यासपीठावर शोभते काय?

अभिरुचीचा प्रश्न कोणाला जुनाट वाटला, तर शरीराचा प्रश्न तरी विचारात घ्यावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झाली. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात कामगाराने दिवसाला फार तर आठ तास राहावे. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. कानाच्या आतील शंखाकृती भागात असलेल्या सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे संदेश मेंदूकडे पाठवतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १२ ते ३५ वयोगटातील शंभर कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला मनोरंजनाच्या मोठ्या आवाजापासून धोका असल्याचे म्हटले आहे आणि मार्च २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. हेही प्रौढांच्या करमणुकीच्या जागांसह सर्वांसाठीचे शेवटचे टोक. लहान मुलांच्या शाळेसाठीचा आदर्श नव्हे. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असल्याची तक्रार मुलाने केली, तर ‘होईल बरे’ म्हणून ती उडवून लावणारे घर त्या कानाचा पहिला इशारा दुर्लक्षित करत असते.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानण्याची तरतूद याच नियमांतली. तिथे दिवसाची मर्यादा ५० आणि रात्रीची ४०. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितले की, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन कोणी कोणाला ऐकण्याची सक्ती करू शकत नाही. शांतपणे जगणे हा जीवनाच्या अधिकाराचाच भाग आहे.

यावर २०१७ च्या दुरुस्तीकडे बोट दाखवले जाते. त्या दुरुस्तीनुसार राज्य शासनाने अधिसूचना काढून जाहीर केल्याखेरीज कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे खरे आहे. पण शाळेने शांत असावे यासाठी सरकारी अधिसूचनेची वाट पाहावी लागत असेल, तर ती शाळा कसली? जिथे ‘हळू बोला’ हा पहिला धडा दिला जातो, तिथेच वर्षातून एकदा साऱ्या वस्तीच्या खिडक्या थरथरवल्या जातात. मुले उपदेश विसरतात, प्रात्यक्षिक विसरत नाहीत.

आणखी एक विसंगती आहे. २०२५ साली राज्य मंडळाची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. निरोप समारंभांचा हंगाम नेमका त्याआधीचा. ज्या मुलांना शुभेच्छा देण्यासाठी हा थाट, त्यांच्याच वयाची शेजारच्या शाळांतील मुले त्याच वेळी, त्याच गल्लीत, कानात बोटे घालून अभ्यासाला बसलेली असतात. जुन्या शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली नसते. तिथे शांतता हीच अभ्यासाची खोली असते, आणि डीजे ती हिरावून घेतो.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला मुद्दा रोजगाराचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या शहरातील कितीतरी तरुण या धंद्यात आहेत. शिक्षण अर्धवट सुटलेले, नोकरी नाही, अशा मुलांनी कर्ज काढून, मित्रांत भागी करून यंत्रसामग्री उभी केली. लग्नसराई, श्रावण, गणपती, नवरात्र आणि मग शाळांची संमेलने, असा त्यांचा हंगाम. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनिव्यावसायिकांच्या संघटनेने विसर्जन मिरवणुकांतील डीजेबंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला नाही. त्या निर्णयाने कायदा राखला गेला, पण हप्ते थकलेल्या मुलाच्या घरचा प्रश्न सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणूनच या मुलांना खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे. ती मागणी तसा पुरवठा करतात. ‘अजून वाढव’ असे ओरडणारे हात त्यांचे नसतात, आणि गेल्या वर्षीपेक्षा मोठा संच हवा असा हट्टही त्यांचा नसतो. उलट या आवाजाचा पहिला बळी तेच आहेत. पाहुणे दोन तासांनी घरी जातात. खोक्यांजवळ उभा असलेला मुलगा हंगामभर तिथेच असतो. तिशीच्या आत त्याचे कान गेले तर त्याला भरपाई देणारा कोणी नाही. गिरणीतील कामगाराच्या कानांसाठी नियम आहेत, तपासणी आहे. या मुलासाठी कापसाचा बोळाही नाही. त्याच्या पोटाची काळजी वाहणाऱ्यांनी त्याच्या कानांचीही वाहावी.

दुसरा मुद्दा आनंदाचा. मुलांनी नाचू नये काय? अवश्य नाचावे. वऱ्हाडात भुलाबाईची गाणी आहेत, दंडार आहे, पोळ्याची धमाल आहे. या मातीला नाचण्याचे पथ्य नाही. प्रश्न नाचण्याचा नसून, नाचताना शेजारच्याचे मूल झोपेतून दचकते त्याचा आहे. दुसऱ्याच्या त्रासावर उभा राहिलेला आनंद हा आनंद नसून उन्माद असतो.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लंगडा आहे: ‘त्यांचे भोंगे चालतात, मग आमचेच का नको?’ कायदा सर्वांना सारखा लागू झालाच पाहिजे, यात दुमत नाही. आणि न्यायालयांनी तेच सांगितले आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा दिला. हे निकाल दुसऱ्यास दाखवायचे आणि आपल्या दारी आले की गुंडाळून ठेवायचे, हा दुटप्पीपणा झाला. दुसऱ्याच्या चुकीवर आपला धर्म ठरत नसतो. समान कायद्याची मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्यालाच, जो तो कायदा प्रथम स्वतःला लावून घेतो.

चौथा मुद्दा परंपरेचा. त्यासाठी जुन्या शहराने स्वतःच्या परंपरेकडेच पाहावे. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी अनवाणी चालत, खांद्यावर कावड घेऊन आणायचे आणि राजराजेश्वराला अभिषेक घालायचा, ही अकोल्याची ओळख. १९४४ च्या दुष्काळात काही तरुणांनी पावसासाठी साकडे घालत हे पाणी आणले आणि प्रथा सुरू झाली, असे सांगितले जाते. सुमारे अठरा किलोमीटरची ती चाल. त्या तरुणांजवळ होते काय? पाय, खांदा आणि मुखी नाम. पुढे त्या पालख्यांच्या वाटेवरही ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या. कावडीचा अर्थ कष्ट आहे. कष्टाची जागा कल्लोळाने घेतली तर पाणी देवापर्यंत पोहोचते, भाव वाटेत सांडतो.

याच अकोल्यातून दरवर्षी शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे जाते. शुभ्र वेषातील वारकरी, टाळ-मृदंग, पावलांची शिस्त. त्या पालखीला गर्दी जमवण्यासाठी खोक्यांची भिंत लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाचे वाद्य होते एक लहानशी खंजिरी. तिच्या तालावर गावेच्या गावे जागी झाली, कारण त्या तालामागे शब्द होता आणि शब्दामागे आचरण. ध्वनिवर्धकालाही विरोध असण्याचे कारण नाही. तो शब्द दूरवर नेतो. डीजेची भिंत शब्दच गिळून टाकते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. वऱ्हाडच्या तरुणाईची रग कशी वळवता येते, याचा हा धडा घराजवळच आहे.

ढोल-ताशाचे काय, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. पन्नास ढोल अरुंद गल्लीत एकदम कडाडले तर कानाला तो आवाज स्वदेशी म्हणून कमी लागत नाही. मर्यादा ढोलालाही हवी. फरक एवढाच की, ढोल वाजवणारा हात थकतो, आणि थकणाऱ्या हाताला आपोआप विराम असतो. यंत्राला तो माणसानेच द्यावा लागतो.

तेव्हा करायचे काय? बंदीची आरोळी ठोकून मोकळे होणे सोपे आहे, पण बंदीने सवय जात नाही. काम शाळेपासून सुरू व्हावे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय लेखी मांडावा. स्नेहसंमेलनातील मोठा वाटा मुलांनी स्वतः बसवलेल्या कार्यक्रमांचा असावा. नाचाला जागा असावी, पण तो अनेकांतला एक असावा. गाण्यांची यादी आधी शिक्षकांसमोर यावी. ध्वनियंत्रणेचे काम देताना आवाजाची मर्यादा आणि समाप्तीची वेळ करारातच लिहावी. आवाज मोजण्याचे साधे यंत्र शाळेने घ्यावे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीच तो मोजावा. खोक्यांची तोंडे वस्तीकडे नसावीत. त्यांच्यासमोर मुलांना उभे करू नये.

आणि ज्या तरुणाला आज ‘डीजेवाला’ म्हणून मागच्या दाराने बोलावले जाते, त्याला पुढच्या दाराने बोलवावे. त्याला यंत्रे जोडता येतात, आवाजाचा समतोल साधता येतो, वीज सांभाळता येते. हे कौशल्य आहे. नाटकाला पार्श्वसंगीत, गाण्याला योग्य साथ, वक्त्याचा स्पष्ट आवाज यांसाठी ते वापरले तर तो ध्वनिसंयोजक होईल, आणि नववी-दहावीच्या चार मुलांना ती विद्या शिकवू शकेल. त्याचे मानधन मात्र कमी करू नये. खोकी निम्मी झाली म्हणून कष्ट निम्मे होत नाहीत. गावातील मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनीही वर्गणीतला पैसा भिंतीऐवजी हातांना द्यावा: वाजंत्री, लेझीम शिकवणारा, नाटक बसवणारा.

१८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि वऱ्हाडात दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यामागे उभे राहिले, ते लोकांनी एकत्र येऊन ऐकावे, बोलावे, विचार करावा यासाठी. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा शासन देऊ शकते. उंची समाजालाच द्यावी लागते. ती उंची खोक्यांच्या थरांनी मोजली जात नाही.

शाळेच्या अंगणातील ही भिंत कोणा परक्याने येऊन बांधलेली नाही. शाळेने परवानगी दिली, पालकांनी वर्गणी दिली, शेजाऱ्यांनी मुकाट्याने सोसले, तेव्हा ती उभी राहिली. ती उतरवण्यासाठी पोलिसांची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या संमेलनाची बैठक ठरेल, त्या दिवशी एका पालकाने उभे राहून एवढेच विचारावे: ‘आमचे मूल या कार्यक्रमात काय करणार आहे?’ उत्तर ‘नाचणार आहे, बस्’ असे आले, तर खाली बसू नये.